देशाचा कायदा, देशाचे सैन्य आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात काठी येथे केलेले भाषण)

  

मी विद्वान माणूस नाही. सूतगिरणीत तीस वर्षे काढलेला कामगार आहे. शाळा अर्धवट सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळी संपल्यावर, डोळ्यांत कापसाची कुसळं घेऊन, बाबासाहेबांच्या ग्रंथांवर झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात चूकभूल असेल तर पदरात घ्यावी.

समितीने मला विषय दिला ‘संविधान दिन’. परंतु मी त्यातला एकच धागा धरणार आहे. मागच्या वर्षी याच विहाराच्या ओट्यावर मला दोन प्रश्न विचारले गेले आणि त्या दिवशी एकाचेही उत्तर मला देता आले नाही. वर्षभर ते प्रश्न माझ्या मागे लागले होते. आज त्यांची उत्तरे द्यायला उभा आहे.

पहिला प्रश्न आपल्यातल्याच एका तरुण मुलाने विचारला. खाली मैदानातल्या एका गावी त्याच्या मावसभावाच्या लग्नाची वरात अडवून मारहाण झाली. फिर्याद द्यायला हा चौकीत गेला. दिवसभर बसवून ठेवले, संध्याकाळी ‘आपसात मिटवा’ म्हणून परत पाठवले. तो मला म्हणाला, “काका, तुम्ही दरवर्षी सांगता कायदा वाचवा, संविधान वाचवा. ज्या कायद्याने मला दारातून हाकलले तो मी कशासाठी वाचवू? बाबासाहेबसुद्धा म्हणाले होते ना, मीच ते जाळीन म्हणून!”

दुसरा प्रश्न त्याच मुलाच्या आईने विचारला. तिचा थोरला सैन्यात आहे आणि तेव्हा तो राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेलेला होता. ती माउली एवढेच म्हणाली, “भाऊ, दुसरास्ना भांडनमा मना पोऱ्या कसाले धाडतस?”

एकाच घरात दोन भाऊ. एकाच्या अंगावर देशाचा गणवेश, दुसरा देशाच्या चौकीतून परत पाठवलेला. हे केवळ त्यांचेच घर नाही, बंधूंनो. आपल्या पुष्कळ घरांची हीच गोष्ट आहे. म्हणून मला वाटले की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच शोधले पाहिजे.

आधी सैन्याची गोष्ट घेऊ. आपला आणि सैन्याचा संबंध जुना आहे. १ जानेवारी १८१८ ची भीमा-कोरेगावची लढाई लहान पोरालाही ठाऊक आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होते. स्वतः बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले ते महूच्या लष्करी छावणीत. सैन्यात शिक्षण सक्तीचे होते, म्हणून आपल्या काही घरांत अक्षर शिरले. आणि नंतर काय झाले? इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ नावाचा शोध लावला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. ज्यांच्या जीवावर लढाया मारल्या त्यांनाच सांगितले की तुम्ही लढवय्ये नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली केला. पहिले महायुद्ध आले तेव्हा गरज पडली, १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडून टाकली. शेवटी दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तिथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू, कारण इथे बसलेल्या भिल्ल बांधवांची गोष्ट वेगळी नाही. १८२५ साली कंपनी सरकारच्या औट्रम नावाच्या साहेबाने ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभी केली. भिल्लांच्या हाती बंदूक दिली आणि कामगिरी दिली ती सातपुड्यातल्या दुसऱ्या भिल्लांना ताब्यात आणायची! त्याच मातीत खाज्या नाईक उभा राहिला. तो आधी सेंधव्याच्या घाटात सरकारची राखण करीत होता. पुढे इंग्रजांविरुद्ध उठला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली.

मी हे का सांगतो आहे? तेव्हाही आपल्या लोकांनी शौर्य गाजवले, कोरेगावला गाजवले, सातपुड्यात गाजवले. परंतु बंदूक आपल्या खांद्यावर होती आणि कायदा दुसऱ्याचा होता. कुणावर रोखायची हे ठरवणारा दुसराच होता. मनात आले तर भरती, मनात आले तर बंदी. शौर्य आपले असून चालत नाही, ते शौर्य ज्या कायद्याखाली उभे आहे तो कायदाही आपला असावा लागतो. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, त्या दिवशी हा फरक पडला. १५ व्या कलमाने भेदभावाला बंदी घातली, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ५३ व्या कलमाने सैन्याची सर्वोच्च सत्ता राष्ट्रपतींकडे देऊन वर लिहून ठेवले की तिचा वापर कायद्याने नियमित होईल. म्हणजे बंदूक कायद्याखाली आणि कायदा लोकांनी निवडून दिलेल्या संसदेखाली.

ही साधी गोष्ट वाटते. पण शेजारी बघा. पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ साली सैन्याने सत्ता घेतली. बांगलादेशात १९७५ साली शेख मुजीबुर रहमान यांना त्यांच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी कुटुंबासह मारले. आणि आपण बौद्ध आहोत म्हणून मला म्यानमारचे नाव घेतलेच पाहिजे. गावोगावी पॅगोडा असलेला, भिक्खूंना मान देणारा देश. तिथे १९६२ साली सैन्य गादीवर बसले, २००७ साली रस्त्यावर उतरलेल्या भिक्खूंवर त्याच सैन्याने लाठ्या-गोळ्या चालवल्या, २०१७ साली सात लाखांवर रोहिंग्यांना देशोधडीला लावले आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी निवडून आलेले सरकार पुन्हा पाडले. बंधूंनो, देशात बुद्धाच्या मूर्ती पुष्कळ असल्या म्हणून देश धम्माने चालतो असे नाही. बंदूक कायद्याच्या वर गेली की मूर्तीसुद्धा काही करू शकत नाही. आपल्या देशात कितीही उणिवा असोत, आजवर एकाही सेनापतीने दिल्लीची खुर्ची घेतलेली नाही. ही कमाई आपली आहे, तिचा अभिमान धरायला लाजू नये.

पण अभिमान म्हणजे डोळे मिटणे नव्हे. आपल्या देशातही अशांत भागात सैन्याला विशेष अधिकार देणारा १९५८ चा कायदा आहे, आणि त्याच्या आड निरपराध माणसे मारली गेल्याच्या तक्रारी मणिपूरच्या आयाबहिणींनी सर्वोच्च न्यायालयात नेल्या. न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये सांगितले की गणवेश आहे म्हणून संपूर्ण माफी मिळत नाही. असे बोलले की काही लोक लगेच देशद्रोही म्हणतात. त्यांना मी बाबासाहेबांचे उदाहरण देतो. ज्या बाबासाहेबांनी आपल्यासाठी सैन्याचे दार उघडले, त्याच बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना परराष्ट्र धोरणावर बोट ठेवले. देशाचे वर्षाचे उत्पन्न साडेतीनशे कोटी, आणि त्यातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्याला जगात मित्र उरले नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. सैन्यात जागा मागणारेही तेच आणि सैन्याच्या खर्चाचा हिशेब विचारणारेही तेच. देशावर प्रेम करायची ही आपली पद्धत आहे.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्यांच्या भांडणात आपला मुलगा का?

संविधानाचे ५१ वे कलम फार थोडे लोक वाचतात. जगात शांतता व सुरक्षितता वाढावी, राष्ट्राराष्ट्रांत न्यायाचे आणि सन्मानाचे संबंध राहावेत, आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर व्हावा आणि भांडणे लवादाने मिटावीत, यासाठी राज्याने झटावे असा त्याचा आशय आहे. जगात आपले सैन्य कशासाठी जावे याची दिशा त्यात आहे.

या दिशेने आपण चाललो तेव्हा जगाने मान दिला. कोरियाचे युद्ध थांबल्यावर, १९५३ साली, मायदेशी परत जायला तयार नसलेल्या बावीस हजारांवर कैद्यांना सांभाळायचे काम भारतावर आले. त्या भारतीय सैन्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला छावणीत धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्या गर्दीत शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. पुढे १९६१ साली काँगोत कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया शहीद झाले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. १९९३-९४ साली सोमालियात गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये महार रेजिमेंटची पलटण होती. २००७ साली लायबेरियात महिला पोलिसांची संपूर्ण तुकडी गेली ती भारताची, जगात पहिली. आजवर अडीच लाखांवर भारतीय जवान अशा कामावर जाऊन आले आणि १७० हून अधिक परत आले नाहीत.

आणि दक्षिण सुदान. डिसेंबर २०१३ मध्ये अकोबो नावाच्या ठिकाणी जीव वाचवायला लोक राष्ट्रसंघाच्या तळात शिरले. तळावर होते मूठभर भारतीय जवान आणि बाहेर हत्यारबंद जमाव, हजारोंच्या संख्येने. त्या दिवशी आत घेतलेल्या माणसांचे रक्षण करताना दोन भारतीय जवानांनी प्राण दिले. ती माणसे त्यांच्या जातीची नव्हती, धर्माची नव्हती, भाषेची नव्हती.

सगळीकडे असेच घडले असे मी म्हणणार नाही. १९८७ ते १९९० आपले सैन्य श्रीलंकेत होते. शांतता राखायला गेले आणि युद्धात अडकले. अकराशेहून अधिक जवान गेले, तिथल्या सामान्य तमिळ माणसानेही फार सोसले. त्याच श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेला माणूस, छातीत गोळी लागलेली असताना लढले आणि शहीद झाले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. जवानाचे शौर्य निर्मळ असते. पण त्याला कुठे आणि कशासाठी पाठवायचे हा निर्णय दिल्लीत होतो, आणि तो निर्णय चुकू शकतो. म्हणून ताई, तुझा प्रश्न चुकीचा नव्हता. तो प्रश्न प्रत्येक आईने विचारलाच पाहिजे. ज्या देशात आया विचारत नाहीत तिथे राज्यकर्ते पोरांना स्वस्त समजतात.

यंदा तिचा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा मी त्यालाच विचारले. तो म्हणाला, “काका, तिथं आमच्या खिशात एक कार्ड असतं. कधी गोळी चालवायची, कधी नाही, ते त्यावर लिहिलेलं. रात्री बायका पोरं घेऊन गेटावर यायच्या. त्यांना आत घ्यायचं, एवढंच आमचं काम.” मी म्हटलं, भीती नाही वाटली? तर म्हणाला, “वाटायची. पण त्या बायका आमच्याकडे बघायच्या ना, तशा कुणी आमच्या आजाकडे कधी बघितलं असंल का?”

मंडळी, मला त्या वाक्याने रात्रभर झोप आली नाही. ज्याच्या आजाला पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्याच्या नातवाकडे जगातल्या कोपऱ्यातली बाई रक्षणकर्ता म्हणून पाहते. हे कोणाच्या मेहरबानीने झाले नाही, कायद्याने झाले.

आता थोडे धम्माविषयी. काही जण विचारतात, आपण पंचशील घेतो, मग सैन्याचे गोडवे कसे गाता? बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, जो १९५७ साली प्रसिद्ध झाला, याचे उत्तर आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थ उभा राहिला आणि विरोध केला. तो म्हणाला, आपण दोन माणसे निवडू, त्यांनी दोन निवडावीत, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. आठवा ते ५१ वे कलम, लवादाची गोष्ट! मतदान झाले, सिद्धार्थ हरला. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या शाक्यांना सैन्यात येण्याचा हुकूम निघाला. सिद्धार्थाने नकार दिला. मग संघाचा नियम मोडल्याची शिक्षा आली. तेव्हा तो पळाला नाही, लपला नाही. माझ्या घरच्यांना छळू नका, शिक्षा मला द्या, असे सांगून त्याने देशत्याग पत्करला आणि परिव्राजक झाला.

यात आपल्याला तीन गोष्टी मिळतात. चुकीच्या युद्धाला भर सभेत विरोध करायचा. भांडण मिटवायचा दुसरा रस्ता स्वतः मांडायचा. आणि बहुमत विरुद्ध गेले तरी सभाच मोडून टाकायची नाही, आपल्या भूमिकेची किंमत आपण मोजायची. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हेच वेगळ्या शब्दांत सांगितले की संविधानाचे मार्ग खुले असताना बेबंद मार्ग धरू नका.

मग त्या मुलाचा प्रश्न राहतो. दारातून हाकलले, तरी कायदा वाचवू?

बाबा रे, बाबासाहेब २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत जाळण्याचे बोलले हे खरे आहे. पण मार्च १९५५ मध्ये त्याच सभागृहात त्यांनी कारणही सांगितले. आम्ही देवासाठी मंदिर बांधले, पण देव बसण्याआधीच त्यात दैत्य शिरले, असा त्याचा अर्थ होता. आता दैत्य शिरला म्हणून मंदिर जाळायचे की दैत्याला बाहेर काढायचे? त्या दिवशी चौकीत तुला कायद्याने हाकलले नाही. कायदा न पाळणाऱ्या माणसाने हाकलले.

माझे स्वतःचे सांगतो. तरुणपणी मी एका गिरणीत होतो. तिने आम्हा काही कामगारांना थकीत पगार न देता घरी बसवले. मी हातात दगड घ्यायला निघालो होतो. एका जुन्या कार्यकर्त्याने दगडाऐवजी औद्योगिक विवाद कायद्याची फाटकी प्रत दिली. मी एकेक शब्द शब्दकोशात बघून ती वाचली. कामगार न्यायालयात नऊ वर्षे गेली. माझ्या बायकोने दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून चूल पेटती ठेवली. पैसे मिळाले तेव्हा आमच्यातले दोघे हयात नव्हते. कायदा हळू चालतो हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. पण दगड मारला असता तर नऊ वर्षांनी माझ्या हाती काय असते? आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ साली कारखाना कायद्यात आली ती बाबासाहेब मजूरमंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीने. माझी रोजची पाळी त्या कागदावर उभी होती.

म्हणून आम्ही त्या मुलाला घेऊन बसलो. फिर्याद घेत नसतील तर ती लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाखाली कर्तव्यात जाणूनबुजून कुचराई करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा आहे. हाच कायदा २० मार्च २०१८ च्या निकालाने दुबळा झाला होता. २ एप्रिलला देशभर बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून त्याची धार परत आणली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. अर्ज रजिस्टर टपालाने गेला. पोचपावती आली. अठराव्या दिवशी फिर्याद नोंदली गेली. खटला अजून चालू आहे, निकाल काय लागेल मला ठाऊक नाही. पण ज्या चौकीत तो दिवसभर भिंतीला टेकून उभा होता, तिथे जबाब देताना त्याला खुर्ची मिळाली.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. सीमेवर आणि परदेशात थोरला भाऊ ज्या कायद्याचे कार्ड खिशात घेऊन उभा आहे, तोच कायदा धाकट्याला गावच्या चौकीत मिळाला पाहिजे. चौकीत तो मिळाला नाही तर जगात आपल्या सैन्याची इज्जत पोकळ ठरेल. आणि चौकीत तो मिळवायचे काम सैन्याचे नाही, आपले आहे.

काठीच्या लोकांना हे मी शिकवायला नको. इथली होळी दूरदूरचे लोक पाहायला येतात. तो उंच बांबू उभा राहतो, पहाटे होळी पेटते, हजारो माणसे रात्रभर नाचतात. ज्यांनी नवस केला ते कितीतरी दिवस व्रताचे नियम पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. कोण शिपाई असतो त्यांच्यावर? नियम आपला वाटतो म्हणून पाळला जातो. वज्जींचेही तसेच होते. एकत्र बसतात, एकमताने उठतात, ठरवलेले नियम पाळतात, तोवर अजातशत्रूचे सैन्य त्यांना जिंकू शकणार नाही, असे तथागतांनी सांगितले. त्यांच्यात फूट पडली तेव्हाच वैशाली गेली.

शेवटी तीन विनंत्या करतो. दर रविवारी वंदनेनंतर विहारात संविधानाचे एक कलम मोठ्याने वाचावे आणि त्यावर बोलावे. आदिवासी बांधवांनाही बोलवावे, पेसा आणि वनहक्क कायदाही वाचावा. दुसरे, पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना आणि पोरींना नुसत्या टाळ्या नकोत, त्यांच्या अभ्यासाची सोय करावी. २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनी चारांतले तिघे घरी येणार आहेत, तेव्हा पुढचे शिक्षण आधीच हाती हवे. आणि तिसरे, आपल्या वस्तीतले कोणीही चौकीत, कचेरीत, न्यायालयात जाईल तेव्हा त्याच्यासोबत विहारातले दोन जण जातील, असा आज ठराव करावा.

ताई, तुझा थोरला पुढच्या महिन्यात पुन्हा पलटणीत जाईल. त्याला सांग, धाकट्याच्या तारखेला आम्ही सोबत आहोत. तू तिकडे पहारा दे, इकडचा पहारा आमच्याकडे.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! जय संविधान! जय भारत!